रोहूची अंडी आणि माझे मामा

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मिळून माझ्या मामांइतका संशयी माणूस झाला नाही. स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास बसायचा नाही. सरपंचाचा निकाल माइकवर पुकारला, गुलाल उडाला, तरी मामा निवडून आलेल्याच्या दारात जाऊन उभे राहायचे आणि परत येऊन सांगायचे, "हसतोय. म्हंजी खरंच आलाय." मयताला गेले की आधी नाकासमोर हात धरायचे, मगच खांदा द्यायचे. माझ्या शिक्षणावर मात्र त्यांनी काही न बघताच भरवसा ठेवला. माझे आईबाप मेंढरांमागं आठ महिने कोकणात, पाल आज इथं तर उद्या तिथं. शाळेच्या पटावर माझं नाव होतं, मी नव्हते. मामांनी मला इनामगावजवळच्या आपल्या घरी ठेवून घेतलं. भूक लागली तरी मागायची मला लाज वाटायची. मामी न मागता भाकरी वाढायची. त्या दोघांना मूल नव्हतं.

आमच्या घरातली कॉलेज शिकलेली पहिली मी. हे मी कुणी न विचारताही सांगते. पीएचडीला विषय घेतला माशाचा. अंड्यात पिल्लू घडत असतानाच काही पेशी वेगळ्या होतात. पुढं त्यांचीच अंडी किंवा वीर्य होतं. त्या तयार कशा होतात आणि कुठून कुठं जातात, ते मला बघायचं होतं. मामांना समजावलं तर म्हणाले, "म्हंजी पोटातल्या पोराच्या पोटातलं पोर बघायचंय व्हय तुला?" इतकं नेमकं माझ्या गाईडनाही सांगता आलं नव्हतं.

रोहू मामांच्या शेततळ्यातले. ते वर्षातून एकदाच, पावसाळ्यात, तेही इंजेक्शन दिल्यावर अंडी देतात. गोठ्यात टेबल मांडून मी ताज्या अंड्यांना त्या पेशींपुरताच उजळणारा रंग टोचायची. तो रंग दाखवणारा सूक्ष्मदर्शक दौंडच्या कॉलेजात. मग अंडी दुधाच्या किटलीत, किटली घोंगडीत, घोंगडी मामांच्या मांडीवर आणि मामा माझ्या गाडीवर मागं. रस्ताभर ओरडायचे, "खड्डा आला, सावकाश! पोटुशी हाय किटली!" माशांशी ते मेंढरांशी बोलावं तसं बोलायचे. एक मादी बाकीच्यांना खाऊ देत नाही म्हणून तिला काठावर बसून तासभर शिव्या दिल्या होत्या.

पहिल्या वर्षी मी सहज बोलून गेले की अंड्यांना बुरशी लागायची भीती असते. मेंढराला काही झालं की आमच्याकडं पहिली हळद. मामांनी मला न सांगता किटलीत चिमूटभर हळद सोडली. दौंडला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तर सगळंच पिवळंहिरवं पेटलेलं. त्या दिव्याखाली हळदही चकाकते. त्यात माझ्या चार पेशी शोधणार कुठं? तयार माद्या तेवढ्याच होत्या. वर्ष गेलं, आणि फेलोशिपचं एकच वर्ष उरलं होतं. मी म्हणाले, "मामा, अडाण्यासारखं केलंत."

"अडाणीच हाय मी," ते म्हणाले. दोन दिवस जेवले नाहीत. ते वाक्य मला अजून परत घ्यायचंय.

दुसऱ्या वर्षी किटली मांडीवर घेण्याआधी त्यांनी मला दोन्ही हात आणि खिसे दाखवले. अंडी नीट पोचली. मी त्यांना सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. त्यांनी टोपी मागं सरकवून डोळा लावला.

"ह्या ठिपक्या कुठं निघाल्यात गं?"

"जिथं राहायचं तिथं. तयार एकीकडं होतात, मग चालत जातात."

"आन् ह्या दुसऱ्यात कायच न्हाई."

"त्यात मी त्या पेशी मुद्दाम टिकू दिल्या नाहीत, तुलनेसाठी. तो मासा मोठा होईल, पोहेल, खाईल. पिल्लं व्हायची नाहीत."

"नर असला तर?"

"नर असला तरी. बाहेरून काही कळणार नाही."

मामांनी डोळा काढला, घोंगडी झटकली, पुन्हा घडी घातली. परतताना खड्ड्यांवर एकदाही ओरडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या पारावर चार माणसांत ते बोलले, "आमच्या घरात दोष माझ्यात हाय. जन्माच्या आधीपासनं. माझ्या बायकूला आता कुणी वांझ म्हणायचं न्हाई."

एकजण मामांना हसला, "आबा, माशांत राहून मासा झालात का काय?"

"झालो. तुला काय गळ टाकायचाय?"

घरी आल्यावर मी त्यांना समजावलं, की माणसात कारणं अनेक असतात, तपासल्याशिवाय असं सांगता येत नाही. मामा म्हणाले, "चाळीस वर्सं तिला बोलले, तवा कुणी तपासलं हुतं?"

मामी चुलीपुढं बसली होती. तिनं तव्यावरची भाकरी करपू दिली.

त्या दिवाळीनंतर भावकीतल्या एका सुनेच्या डोहाळजेवणाला मामीला बोलावणं आलं. ओटी भरायला तिला कधी कुणी पुढं घेतलं नव्हतं. ती हिरवं लुगडं नेसून गेली आणि ओटी भरून आली. माघात मामा गेले. झोपेतच. आता विधवा म्हणून तिला बोलावत नाहीत.

माझा प्रबंध मान्य झाला. रोहूच्या अंड्यात त्या पेशी कुठून निघतात आणि किती तासांनी पोचतात, ते त्यात लिहिलंय. मला डॉक्टरेट मिळाली. आणि गावात मामीला वांझ म्हणणं बंद झालं.