तिसरं बटण

निवृत्तीनंतर बरीच प्रकरणं विसरलो. लालबागच्या चाळीतलं ते मात्र आजही आठवतं आणि आठवलं की मी स्वतःवरच चिडतो.

फोन शेजारच्या काकूंचा होता. "साहेबांनू, घोव रडता, तरी ही बाई हात बांधून बसता. पाणीसुद्धा देना नाय."

बायकोकडून नवऱ्याचा छळ! स्टेशन डायरीत नोंद करून, महिला शिपाई सोबत घेऊन मी निघालो.

चाळिशीचा लिफ्ट मेकॅनिक पलंगावर बसला होता. मोटारसायकलवरून पडून मेंदूला मार लागला होता. उजवा हात आणि बोलणं, दोन्ही अडखळत होतं. शर्टाच्या तिसऱ्या बटणाशी झटताना त्याचे डोळे वाहत होते. समोर बायको, खरोखरच हात बांधून. पाण्याचा तांब्या तिच्याजवळ. मी बटण लावायला पुढे झालो.

"हात मागे घ्या, साहेब," ती म्हणाली.

माझं डोकं फिरलं. दोघांना ठाण्यात आणलं. तिने हॉस्पिटलच्या थेरपिस्टबाईंचा कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं: बटण त्यांनाच लावू द्या, पाणी शब्दाने मागू द्या, त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका.

"मेंदू पुन्हा शिकतो म्हणतात, पण स्वतः करून करूनच," ती म्हणाली. "काकू भरवतात त्या दिवशी हे हात उचलतच नाहीत. आता केस झाली तर दीर ह्यांना गावी नेतील. तिथे सगळे भरवतील. मग हे असेच राहणार, साहेब."

मी गोंधळलो. कागदाआड लपणारी माणसं मी कमी पाहिली नव्हती. तिला बाहेर बसवून नवऱ्याला विचारलं, "मारते का? उपाशी ठेवते? घाबरू नका, नुसतं हो म्हणा."

तो तोंड उघडायचा, तोवर माझा पुढचा प्रश्न तयार.

शेवटी महिला शिपाई म्हणाली, "सर, त्यांना बोलू तर द्या."

मी ओशाळलो. प्रश्न विचारा आणि गप्प बसा, समोरचा आपोआप बोलतो, हे मीच नव्या पोरांना शिकवायचो. चोरांना दिलेला वेळ या माणसाला दिला नव्हता. गप्प बसलो. भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं गेली. त्याच्या कपाळावर घाम आला.

"सगळे... करतात," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, "ही... थांबते."

गुन्हा नव्हताच. दिरांना फोन करून मीच समजावलं. काकूंना समजावणं त्याहून अवघड गेलं. खरं सांगायचं तर मलाही सगळं उमगलेलं नाही. जवळ तांब्या असताना तहानलेल्याला ताटकळत ठेवणं आजही माझ्याने बघवणार नाही. माया कशी दिसते हे मला ठाऊक आहे, असं मात्र तेव्हापासून मी कधी म्हटलं नाही.

तक्रार नसल्याचा अर्ज लिहून झाल्यावर शिपायाने अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे केला. नवऱ्याने तो बाजूला सारला आणि पेन मागितलं, शब्दाने. सहीला इतका वेळ लागला की माझा चहा निवला. मी दोन्ही हात टेबलाखाली घट्ट धरून बसलो होतो.