तांब्याची छिन्नी

मला आमच्या संपादकसाहेबांची बोटं बघवत नाहीत. बिस्कीट चहात बुडवायचं, अर्धं तोंडात घालायचं, अर्धं कपात पाडायचं, आणि त्याच बोटाला थुंकी लावून पानं उलटायची. माझ्या मामाच्या हस्तलिखिताची दोनशे पानं त्यांनी अशीच उलटली. प्रत्येक कोपऱ्यात पिवळट डाग.

मामा घरांवरच्या दगडी पाट्या कोरतो. चाळीस वर्षं तेच. भुकटी खाऊन छाती खरखरते, पण वेलांटी अजून केसभर हलत नाही. शाळा चौथीत सुटली, वाचनाचा नाद काही सुटला नाही. प्राचीन इजिप्तमधल्या मूर्तिकारांबद्दल कुठेतरी वाचलं आणि गड्याने ठरवलं, मुलांसाठी कादंबरी लिहायची. मामी म्हणाली, "आधी न्हाणीघराची फरशी बसवा." सहा वर्षांनी कादंबरी झाली. फरशी अजून व्हायचीय.

कादंबरीतला पोरगा मूर्तिकारांच्या छिन्न्यांना धार लावतो. छिन्न्या तांब्याच्या, कारण पोलाद तेव्हा नव्हतंच. थोडे घाव घातले की धार मुडपते. मामाने मुद्दाम तशी छिन्नी करवून घेतली आणि महिनाभर चुनखडीवर ठोकत बसला, कितव्या घावाला बोथटते ते बघत. बोथट छिन्नीचा आवाज त्या पोराला दुरून ओळखू येतो. राजाच्या मूर्तीचं नाक कोरताना ती घसरणार, एवढ्यात तो ओरडतो, आणि उस्ताद पुढचं काम त्याच्या हाती देतो. सगळी गोष्ट त्यावर उभी. हस्तलिखित माझ्याकडे देताना मामा म्हणाला होता, "बाकी काय हवं ते बदलू देत. छिन्नी तेवढी सांभाळ."

"तांब्याने दगड फुटतो होय? पोरं हसतील," साहेब म्हणाले. "पोलादी करून टाका. कसं चमकतं बघा!" झालं. आता तो पोरगा पोलादी छिन्न्यांना दिवसभर धार लावतो. कशासाठी, ते साहेबांनाच ठाऊक.

मुद्रितं तपासायला माझ्याकडेच आली, तेच माझं काम. एकोणचाळीस ठिकाणी पोलाद. पेन्सिल हातात होती. समोर साहेब दातांत अडकलेलं बिस्कीट नखाने उकरत होते. मी एक सुटलेला अनुस्वार दिला आणि सही केली. त्यांच्या बोटांना नाक मुरडणारी मी, त्यांच्यापुढे शेपूट घालून बसले. त्या दिवसापासून मला स्वतःच्याच हातांची शिसारी येते.

पहिली प्रत मी मामाच्या शेडमध्ये नेऊन दिली. मामाने हात धुतले, दोनदा पुसले, मग पुस्तक उघडलं. अकराव्या पानावर थांबला. पुढची पानं भराभर चाळली. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"सोमवारी शाळेत बोलावलंय," तो म्हणाला. "तांब्याची छिन्नी पोरांच्या हातात देणार होतो."

मी फळीवरच्या भुकटीत बोटाने रेघ ओढली.

"छापायच्या आधी तू वाचलं होतंस का गं?"

"नाही मामा. मी तेव्हा रजेवर होते."

त्याचा चेहरा निवळला. "तेच म्हटलं मी. तू असतीस तर हे होऊ दिलं नसतंस."

मग त्याने फळीवरची भुकटी फडक्याने झटकली आणि मला बसायला जागा करून दिली.