डाळिंबाच्या सालींची खोली

काका प्रयोगशाळेत मदतनीस होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी ते रोज कामावर येत. तिथल्या संशोधक बाईंनी त्यांना तात्पुरतं ठेवून घेतलं होतं. रसाच्या दुकानांतून टाकून दिलेल्या डाळिंबाच्या साली गोळा करायच्या, धुवायच्या, ओव्हनमध्ये वाळवायच्या. सालीतलं तुरट द्रव्य जखमेच्या मलमात चालेल का, हे बाई तपासत होत्या.

"काय काका, शेळ्या किती झाल्या?" साली शेळ्यांना घालायला नेतात असं समजून एक दुकानदार रोज विचारायचा.

"वाढतायत," म्हणून काका पोतं उचलायचे.

मध्येच ओव्हन बिघडला आणि काका साली घरी नेऊ लागले. बायको गेली, मुलगी लग्न होऊन लांब गेली, तेव्हापासून मागची खोली नुसती पडून होती. ऊनही यायचं नाही तिथं. जुन्या चादरींवर त्यांनी साली पसरल्या. आता संध्याकाळी दार उघडलं की तुरट वास यायचा. घर पूर्वीसारखं खायला उठायचं नाही.

महिन्याने बाईंनी हाक मारली.

"काका, ओव्हनमधल्या सालींपेक्षा तुमच्या सालींतून दीडपट द्रव्य निघालंय! केलंत तरी काय?"

काकांनी मान खाली घातली. मलम बनवणाऱ्या कारखान्याची माणसं कालच येऊन गेली होती. पद्धत सांगितली की साली तिकडे जाणार आणि खोली पुन्हा रिकामी. माहीत नाही म्हणून वेळ मारून नेता आली असती.

"बोला ना! नव्या नवरीसारखे लाजताय काय?"

काका हसले, आणि सांगू लागले. ऊन नको, सावलीच हवी. पंखा लांब ठेवायचा. सालीवर साल येऊ द्यायची नाही. दिवसातून दोनदा उलटायच्या, त्याही हाताने. काठीने चुरा होतो. बाई भराभर लिहून घेत होत्या.

"अजून काही?"

होतं ना. कारखान्यात येऊन मी दाखवीन, मीच उलटत जाईन, असं म्हणायचं होतं.

"नाही, एवढंच."

बाईंनी वही मिटली. "सुटलात हो काका! सोमवारपासून साली थेट कारखान्यात. तुमच्या घरी पसारा नको."

"पसारा कसला..." काका म्हणाले, पण बाईंचा फोन वाजला होता.