टॉवेलाखालचा सौदा

सलूनच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला पटकन उठून पळता येत नाही, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. साताऱ्यातलं माझं नेहमीचं दुकान, रविवारची सकाळ. गळ्याभोवती कापड बांधलेलं, एका गालावर साबण, टीव्हीवर क्रिकेट. कुणी काही बोललं नव्हतं, काही घडलं नव्हतं. आणि एकाएकी छाती धडधडायला लागली, हातांना मुंग्या आल्या, दुकानातली हवा संपली असं वाटलं. आपण आत्ता, इथं, अर्ध्या दाढीनिशी मरणार, याची मला खात्रीच पटली. मी कापड ओढून काढलं आणि रस्त्यावर पळालो. दुकानदार वस्तरा हातात तसाच धरून मागे आला.

"सर, काय झालं? कापलं का कुठं?"

"पित्त," मी म्हणालो. आमच्याकडं कुठल्याही दुखण्याला आधी पित्त म्हणायची सोय आहे. त्यानं मला लिंबू-सोडा पाजला आणि त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत.

ईसीजी काढला, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल. रिपोर्ट चांगला आला की लोक पेढे वाटतात, मी मात्र जास्तच घाबरलो. हृदय ठणठणीत आहे, मग ते काय होतं? आणि पुन्हा झालं तर? त्या 'पुन्हा'नं माझं जगणं हळूहळू आवळत आणलं. आधी सलून सुटलं. मग एसटीत खिडकीची जागा नको वाटायला लागली, कारण शेजारचा माणूस उठल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. मग लिफ्ट. मग शाळेतली प्रार्थना, कारण सगळ्या पोरांसमोर उभं राहायचं आणि हलायचं नाही. केस मानेवर आले तेव्हा मुख्याध्यापकांनी विचारलं, "सर, नवस बोललाय का?" मी हसलो. नवस परवडला असता.

शेवटी बायकोनंच विषय काढला. "तुम्ही शाळा आणि घर सोडून कुठं जात नाही. आता शाळाही सुटायची. डॉक्टर बघू या." कुठला डॉक्टर, हे ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

मनोविकारतज्ज्ञाकडं मी तोंडाला मास्क आणि डोक्याला हेल्मेट घालून गेलो. वेटिंग रूममध्ये कोपऱ्यात आणखी एक जण मास्क आणि टोपी घालून बसला होता. बसण्याच्या ढबीवरून तो आमच्याच शाळेतला सहकारी निघाला. आम्ही दोघांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचा मन लावून अभ्यास केला.

डॉक्टरबाई शांत होत्या. त्यांनी एक साधी गोळी दिली आणि काही गोष्टी शिकवल्या. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा. पाय जमिनीवर घट्ट टेकवून समोर दिसेल त्या वस्तूंची नावं मनात घ्यायची. जागा सोडून पळायचं नाही, कारण पळालं की भीतीला वाटतं आपलं बरोबर होतं. आणि शेवटची गोष्ट, भीतीला आकडा द्यायचा. एक म्हणजे थोडी, पाच म्हणजे पार गेलो. "आकडा कुणाला तरी सांगा," त्या म्हणाल्या. "सांगितली की जरा हलकी होते."

बायकोला सांगत होतो. पण ती सगळीकडं माझ्याबरोबर कशी असणार?

आईवडील सांगलीजवळच्या गावात राहतात. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. त्यांची उमेदीची सगळी वर्षं सांगलीच्या बाजारात, एका हळदीच्या अडत दुकानात गेली. गावात धाकट्या काकांबरोबर सामायिक उसाचं रान आहे, पण आण्णांचा जीव हळदीत. रिटायर होऊन वर्षं झाली तरी त्यांच्या बंड्यांच्या शिवणीत पिवळा रंग आहे. सुट्टीत गेलो तेव्हा अंगणात खुर्च्या टाकून बसलो होतो आणि मी सगळं सांगून टाकलं. सांगताना त्यांच्याकडं बघितलं नाही. गोठ्यातल्या म्हशीकडं बघत होतो.

"म्हंजी डोक्याचा डॉक्टर?" आण्णांनी विचारलं.

"व्हय."

मला वाटलं, आता म्हणणार की शिकून-सवरून हे काय. पण त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं.

"आनि चारचौघांत भ्या वाटलं तर? आकडा काय वरडून सांगनार हायस?"



त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, माझ्या हातावर पसरला आणि आपला हात खाली घातला. "आमी कसं करायचो सांगतो," म्हणाले. पूर्वी सौद्याला भाव तोंडानं बोलत नसत. चारचौघांसमोर, पण टॉवेलाखाली, समोरच्याची बोटं धरून सांगायचे. एक बोट धरलं की एक, चार बोटं धरली की चार, अंगठ्यासकट अख्खा पंजा धरला की पाच. बाजूला उभ्या माणसाला काही कळायचं नाही.

"आत्ता किती हाय?"

मी त्यांची तीन बोटं धरली.

"तीन? लय हुतंय. दोनला सोड."

"आण्णा, ही काय हळद हाय का?"

"पैला भाव कुनी मान्य करत न्हाई गड्या," ते म्हणाले आणि माझी दोनच बोटं दाबून बसले. मला हसू आलं. हसलो तेव्हा खरंच दोन झाली होती.

मग तो आमचा रिवाज पडला. देवळात, बँकेत, दवाखान्याच्या रांगेत त्यांचा टॉवेल माझ्या मनगटावर यायचा. माझं सांगून झालं की मी उलट विचारायचो, "तुमचं?" ते दर वेळी माझं एकच बोट धरायचे. करंगळी. मला त्यांचा हेवा वाटायचा. एवढं आयुष्य काढून माणसाच्या भीतीचा भाव करंगळीवर कसा राहतो, हे मला कळत नसे.

रहिमतपूरला नात्यातलं लग्न निघालं. मंगल कार्यालय गच्च भरलेलं, पंगतीत टेबलांच्या दोन रांगांमध्ये आम्ही अडकलेलो, मागच्या खुर्च्या पाठीला लागलेल्या. भाताचे वाढपी अजून लांब होते. आणि ते आलं. आधी कानात गरम झालं, मग बँडचा आवाज लांब गेला. मी दरवाजा शोधला. तो मला दिसत होता, पण मध्ये शंभर माणसं आणि त्यांच्या मांडीवरची पोरं. मी उठलो असतो तर सगळ्यांचे चेहरे वळले असते, आणि कुणीतरी ओरडलं असतं, मास्तरला काय झालं बघा. पळायचं नाही, पळायचं नाही, असं म्हणत मी जिलेबी, पापड, चटणी अशी समोरच्या पानावरची नावं घेत होतो आणि माझं मलाच ऐकू येत नव्हतं.

आण्णांचा टॉवेल आमच्या दोघांच्या मांडीवर आला. मी त्यांचा पंजा धरला. घट्ट. त्यांनी चार बोटं दाबली. मी पुन्हा पंजा. त्यांनी पुन्हा चार. असं किती वेळ चाललं माहीत नाही. भात वाढेपर्यंत चारवर आलो आणि मठ्ठा आला तेव्हा तीनवर. मी पंगतीतून उठलो नाही. माझ्या दृष्टीनं नवरा-नवरीपेक्षा मोठं कार्य त्या दिवशी मी पार पाडलं होतं.

पण समोरच्या रांगेत धाकटे काका बसले होते. काकांनीही तरुणपणी बाजार केलेला. टॉवेल, खाली हात, दोघांची गंभीर तोंडं, मध्येच आण्णांची नकारार्थी मान. त्यांनी जे बघितलं त्याचा त्यांना एकच अर्थ माहीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाकडं ते चप्पल न काढताच आमच्या घरात आले. "रस्त्याकडचं रान इकताय व्हय? मला न इचारता? भर पंगतीत बाप-ल्योक भाव ठरवताय?"

"रान कोन इकतंय?" आण्णा म्हणाले.

"मग टॉवेलाखाली काय करत हुता?"

आण्णांनी माझ्याकडं बघितलंही नाही. "सौदा न्हवता," एवढंच म्हणाले.

"मग काय हुतं?"

"न्हाई सांगत."

काकांचा चेहरा पडला. सख्ख्या भावानं आपल्याला फसवलं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. आई चुलीपाशी थांबली होती. आण्णा भिंतीकडं बघत बसले होते, आणि मला कळलं की ते असेच बसून राहतील. भाऊ तुटला तरी माझं नाव सांगणार नाहीत. मी बोललो तर संध्याकाळपर्यंत गावाला कळणार, मग पै-पाहुण्यांना, मग फिरत फिरत साताऱ्याला, शाळेला. वेड लागलंय मास्तरला. मला सलूनमधल्यासारखं पळावंसं वाटत होतं.

"काका, मला भीती वाटते," मी म्हणालो. आवाज चिरकला. "माणसांत गेलो की मरतोय असं वाटतं. औषध चालू हाय. आण्णा टॉवेलाखाली इचारत हुते, किती वाटतीय म्हणून."

काका उभेच होते. मग त्यांनी मागे जाऊन चप्पल काढली आणि परत येऊन माझ्याशेजारी बसले.

"मला वाटलं रान गेलं," ते म्हणाले. जरा वेळानं आईला चहा टाकायला सांगितला, आणि मान वर न करता आपला जाडजूड हात माझ्यापुढं धरला. "आत्ता किती हाय?"

टॉवेल नव्हताच. मी उघड्यावर चार बोटं धरली. कमी-जास्त कसं करायचं हे त्यांना सुचेना, म्हणून ते चहा येईपर्यंत तसेच धरून बसले. गावाला कळलं ते कळलंच. दोन माणसांनी माझ्याकडं बघून आवाज खाली आणला, आणि एकानं मला गोठ्यामागं गाठून डॉक्टरबाईंचा पत्ता विचारला.

यंदा आण्णांचा श्वास बिघडला. बरीच वर्षं हळदीची धूळ खाल्लेली फुप्फुसं. सांगलीच्या एका हॉस्पिटलात आयसीयूत ठेवलं. मी साताऱ्याहून एसटीनं आलो, खिडकीत बसून आलो, कारण दुसरी जागाच नव्हती. दुपारी पोचलो तर काका जिन्याखाली उभे. डोळे लाल.

"तोंडावर मास्क लावलाय, मशिन हवा ढकलतंय. त्ये सारखा काढून टाकत्यात. डाक्टर म्हनतोय, असंच चाललं तर घशात नळी घालाय लागंल. मी जाऊन आलो. माझं ऐकत न्हाईत रं. तू जा."

मला आत जायचं नव्हतं. हे मी जसं आहे तसं सांगतो. काचेचं दार, ते आपोआप बंद होणार, आत एसीची गार हवा, बीप बीप करणारी यंत्रं, खिडकी नाही. जगातली माझी सगळ्यात नको असलेली जागा, आणि तिच्यात माझे आण्णा. आपण आत पडलो तर आण्णांऐवजी आपल्यालाच सावरायची वेळ येईल, असं वाटत होतं. दारापाशी परत फिरलो, दोन पायऱ्या उतरलो. खाली काका वर बघत होते. पुन्हा चढलो.

आण्णा लहान दिसत होते. नाकातोंडावर तो मास्क करकचून बांधलेला, वरती डोळे एवढे मोठे. हात सारखे पट्ट्यांकडं जात होते. सिस्टर म्हणाली, "आजोबा, नका ना ओढू, नाहीतर हात बांधावे लागतील." ते ऐकून आण्णा आणखीच धडपडायला लागले. मी ते डोळे ओळखले. सलूनच्या आरशातून, साबण लावलेल्या गालावरून माझ्याकडं बघणारे ते माझेच डोळे होते.

त्यांचा टॉवेल उशाशी घडी करून ठेवला होता. मी तो त्यांच्या हातावर पसरला आणि खाली हात घातला.

"आण्णा, किती?"

त्यांनी माझी करंगळी धरली नाही. अंगठ्यासकट अख्खा पंजा धरला. इतका जोरात की नखं रुतली.

मला रडू आलं, आणि सरळ सांगायचं तर भीतीही वाटली. ज्या माणसाचा भाव कायम एक होता त्याचा पाच झाला, तर माझं काय? मी सवयीनं चार बोटं दाबली. त्यांनी मान हलवली. पुन्हा पंजा.

पहिला भाव कुणी मान्य करत नाही. मी केला.

"बरं आण्णा. पाच. पाच तर पाच. माझंबी पाचच हाय," मी म्हणालो आणि त्यांचा पंजा माझ्या पंजात धरला. "मी जात न्हाई. हितंच बसतो. आता श्वास सोडा. हळू. अजून हळू."

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी श्वास सोडून दाखवत होतो. मशीन हवा ढकलत होतं. सिस्टर एकदा येऊन बघून गेली. मी मोठ्यानं नावं घेत होतो, सलाइन, पडदा, टॉवेल, सिस्टरचं घड्याळ. त्यांचा दुसरा हात मास्ककडं गेला, अर्ध्यातच थांबला आणि पांघरुणावर पडला.

बऱ्याच वेळानं टॉवेलाखाली काहीतरी हललं. माझ्या अंगठ्यावरची पकड सुटली होती. बाकीची चार बोटं त्यांनी अजून धरून ठेवली होती.