फौजी मामांचं नाव

पायाला भिंगरी असलेल्या माणसानं सहलीच्या बसनं दिल्ली पाहू नये. मलकापूरला गाडीत बसल्यापासून मी घड्याळच बघत होतो. त्यात युद्धस्मारकापाशी उतरताना सहलीवाल्यानं बजावलं, "पाऊण तास. मग बस थांबणार नाही."

मामी मात्र या पाऊण तासासाठीच आली होती. मामा लढाईत गेले तेव्हा तिच्या लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. इथल्या भिंतींवर शहिदांची नावं कोरलीत, हे कुणीतरी तिच्या कानावर घातलं. लाल किल्ला तिनं बसमधूनच पाहिला.

गोल भिंती, विटेविटेवर नाव. मी भराभर वाचत सुटलो. मामी मागोमाग, चपला हातात घेऊन. देवळात आल्यासारख्या तिनं त्या आधीच काढल्या होत्या. चांगली पंधरा मिनिटं गेल्यावर माझ्या लक्षात आलं, मी शोधतोय काय? मला मामांचं नावच ठाऊक नव्हतं. आमच्या घरात ते फौजी मामा. फोटोला हार घालतानाही फौजी मामाच.

नाव शोधून देणाऱ्या पडद्यापाशी एक जवान होता. त्यानं विचारलं, "शहीद का नाम?" नुसत्या आडनावावर काही निघेना. मी मामीकडे पाहिलं. तिनं तोंडाला पदर लावला.

"सांग ना मामी."

"मी कशी घेऊ त्यायचं नाव? तूच सांग."

"मले कुठं माहीत आहे!"

घरी फोन लावला, कुणी उचलेना. दहा मिनिटं उरली. मला तिचा राग आला, खरंच आला.

"काऊन अशी करून राह्यली? बस निघून जाईन ना!" मी ओरडलोच. लोक वळून पाहू लागले.

मामीनं पदर सोडला आणि नाव घेतलं. जवानाकडे नाही, भिंतीकडे बघून. वावरात लांब असलेल्या माणसाला जेवायला हाक मारावी, इतक्या मोठ्यानं.

वीट सापडली. मी दाखवलेल्या अक्षरांवरून ती बोट फिरवत राहिली. बाहेर बसचा हॉर्न वाजत होता. मी हललो नाही. ओरडल्याची लाज वाटत होती.

"आधीच काऊन नाही सांगितलं, मामी?"

"बाईनं नाव घेतलं का नवऱ्याचं आयुष्य कमी होते म्हनत, बाबू," ती म्हणाली. "म्या एकदाबी नव्हतं घेतलं."