कंट्रोलची डिश

मे महिना. सकाळपासून आचोळ्यात लाइट नव्हती आणि आई घरात एकटी. वर तापलेली गच्ची, शेजारी नव्या बिल्डिंगचं काम, त्यामुळे धुळीपायी खिडक्या लावलेल्या. वसईच्या लॅबमधून मी सारखी फोन करत होते. दरवेळी तेच उत्तर, "मला काय धाड भरलीये? तू तुझं काम कर."

माझं काम म्हणजे उष्णतेत पेशी काय करते ते बघणं. पेशीच्या आत केंद्रक असतं, त्यात तिचा डीएनए. केंद्रकाच्या दारांतून एरवी प्रथिनांची सतत ये-जा चालते. पेशी तापली की ही नेहमीची वाहतूक मंदावते आणि एक वेगळाच वाहक कामाला लागतो. पेशीला सावरणारं प्रथिन तेवढं तो उचलून आत नेतो. त्या प्रथिनाला आम्ही हिरवी चमक जोडतो, म्हणजे ते कुठे पोचलं ते दिसतं.

त्या दिवशी पेशींची एक डिश गरम पाण्यात ठेवली होती. दुसरी कंट्रोलची, म्हणजे जिला काहीच करायचं नाही अशी. मायक्रोस्कोपखाली आधी कंट्रोलची लावली आणि माझं टाळकंच सरकलं. हिरवा रंग सगळा केंद्रकात. पेशी मात्र बाहेरून ठणठणीत. एसी बंद होता. डिश ठेवलेल्या खिडकीजवळच्या पत्र्याच्या टेबलाला हात लावला, तर चटका बसला. गाढवपणा माझाच. जिला काही झालेलं नाही असं मी धरून चालले होते, ती मघापासून जीव वाचवत होती.

पुन्हा आईला फोन लावला.

"भात लावलाय," ती म्हणाली, "बाबा आले की वाढते."

बाबांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

आमची किल्ली शेजारच्या काकूंकडे असते. त्यांना फोन करून रिक्षात बसले. रिक्षा जागची हलेना, मी सगळ्या दुनियेला शिव्या घालत होते. मी पोचेपर्यंत काकूंनी आईला ओल्या चादरीत गुंडाळून दवाखान्यात नेलं होतं. संध्याकाळी तिने मला ओळखलं.

"बरी नव्हतीस तर बरी आहे असं कशाला भासवत होतीस?" मी तिच्यावर भडकलेच.

"मला बरंच वाटत होतं गं," ती म्हणाली.

आता उन्हाळ्यात फोनवर मी तिला कशी आहेस विचारत नाही. आज वार कोणता, विचारते. ती चिडते. चिडली की माझ्या जिवात जीव येतो.