जांदिराच्या अंगात कुणी आलं नव्हतं

प्लाताफॉर्मा वस्तीच्या चढावर जांदिराबद्दल जे जे बोललं जातं, त्यातलं निम्मं क्रिस्पीनाने पसरवलेलं आहे आणि उरलेलं निम्मं क्रिस्पीनाने दुसऱ्याकडून ऐकून दुरुस्त केलेलं आहे. क्रिस्पीना मासे विकते. मासा एकवेळ शिळा देईल, बातमी कधी शिळी देणार नाही. तेव्हा खरं काय झालं ते आधी सांगून टाकलेलं बरं.

जांदिरा बसमध्ये कंडक्टर होती. उतारूंना एकेक करून आत सोडणाऱ्या फिरत्या दाराशेजारच्या उंच खुर्चीवर बसून ती तिकीट द्यायची आणि तिकिटाबरोबर एखादा टोमणा फुकट. नवऱ्याला तिने कधीच बाहेरचा रस्ता दाखवला होता. चढावर कुणाकडे मयत झालं, कुणाची सून रुसून बसली, कुणाचा फ्रिज पायऱ्यांवरून वर न्यायचा असला, की हाक जांदिराला. "तू म्हणजे काय बाई, रणरागिणी!" असं म्हणायचं आणि फ्रिजचं जड टोक तिच्या हातात द्यायचं, ही आमच्याकडची रीतच.

एका मंगळवारी भर दुपारी बस डेपोत लागली. उतारू उतरले, ड्रायव्हर उतरला, जांदिरा मात्र खुर्चीतून उठली नाही. चक्कर नाही, ताप नाही, डोळे टक्क उघडे.

"अगं ऊठ की," ड्रायव्हर म्हणाला.

"कशाला?"

ड्रायव्हर विचारात पडला. एवढी वर्षं तो रोज उठत होता, पण कशाला ते त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत क्रिस्पीनाने जांदिराला दिवस गेल्याचं जाहीर केलं आणि बाप म्हणून त्याच ड्रायव्हरची नेमणूकही करून टाकली. त्याची बायको डेपोवर येऊन थयथयाट करून गेली. जांदिरा तेव्हाही खुर्चीतच होती. शेवटी तिची आई आली.

आई म्हणजे दोना मारिनाल्वा. चढाच्या तोंडाशी पाम तेलात चवळीच्या पिठाचे आकाराजे तळते. पण तिचा खरा मान ओरिशांच्या, म्हणजे आमच्या देवांच्या, घरात. तिथे ती एकेदी आहे. ढोल वाजतात, कुणाच्या अंगात देव येतो, तेव्हा त्या माणसाला सावरायचं, घाम पुसायचा, कानातलं आणि चपला काढून घ्यायच्या, हे एकेदीचं काम. तिच्या स्वतःच्या अंगात कधी येत नाही. सगळे पडतात तेव्हा ती उभी.

"देवाचं काहीतरी करायचं राहिलंय हिच्याकडून," मारिनाल्वाने निदान केलं आणि लेकीला त्या घरी नेलं. तिथल्या म्हाताऱ्या मुख्य पुजारणीने, जिला सगळे आईच म्हणतात, जांदिराचं डोकं धुतलं, पांढरे कपडे घातले, मायेने भरवलं. मग म्हणाली, "माझं मी केलं. पण हे माझ्या एकटीचं काम नाही. हिला दवाखान्यात ने." मारिनाल्वाने घरी येऊन सगळं सांगितलं, फक्त हे शेवटचं वाक्य गाळलं. म्हाताऱ्या आईनेच एका शेजारणीकडे चौकशी केली, म्हणून ते फुटलं. नाहीतर जांदिरा आजही पांढऱ्या कपड्यांत कॉटवर पडून असती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डिप्रेशन.

"ते गोऱ्या बायकांना होतं," मारिनाल्वा फणकारली. "ज्यांना दुपारी लोळायला वेळ असतो त्यांना."

"मलाही दुपारीच झालं, आई," जांदिरा म्हणाली. "पण ड्युटीवर."

गोळ्या सुरू झाल्या. महिन्याच्या महिन्याला दवाखान्याच्या रांगेत बसायचं, आणि रांगेत बघावं तर सगळ्या आपल्याच रंगाच्या. कुणी स्वैपाकीण, कुणी धुणंवाली, कुणी शाळेतली शिपाईण. प्रत्येकीला कुणी ना कुणी रणरागिणी म्हटलेलं. जांदिरा तिथे बसून नकला करायला लागली. साहेबाची, पाद्र्याची, फ्रिजवाल्याची, स्वतःचीसुद्धा. नर्स बाहेर येऊन ओरडली, "हा दवाखाना आहे, हसायची जागा नाही!" तेव्हा जांदिराने ठरवलं की हसायची जागा शोधायची. रहिवासी संघाचा हॉल मिळाला. ढोलावर बीरा, लहानपणापासूनचा मित्र. स्वतःच्या आजारावरच्या एकपात्री खेळाचं नाव ठेवलं, 'उठत नाही, जा!'

नाव ऐकूनच मारिनाल्वाने कढईतला झारा बाहेर काढला. "तुझं तू काय ते चव्हाट्यावर मांड. पण माझं नाव घेतलंस, तर तुला आई नाही असं समज."

तिचा रोख कशावर होता ते जांदिराला ठाऊक होतं. धाकट्या भावाच्या जन्मानंतर मारिनाल्वा पावसाळाभर भिंतीकडे तोंड करून पडली होती. लहानग्या जांदिराने त्या तान्ह्याला पेज पाजली, त्याचे लंगोट धुतले. शेजारीपाजारी म्हणाले, नजर लागली. मग एके दिवशी मारिनाल्वा उठली, तेल तापत ठेवलं आणि त्या दिवसांवर कुणी अवाक्षर काढलं नाही.

"ते गाळ ना," बीरा म्हणाला. "कुणाला कळणार आहे?"

"गाळलं तर मी आभाळातून टपकल्यासारखी दिसेन. मला कुठून आलं ते सांगायचंय. आई समोर बसलेली असताना सांगायचंय."

"आणि ती उठून गेली तर?"

"पुढचं वाजव," जांदिरा म्हणाली. झोप मात्र तिची उडाली.

शनिवारी संध्याकाळी हॉल खच्चून भरला. मारिनाल्वा आली, पहिल्या रांगेत बसली, खांद्यावर पांढरं वस्त्र, तोंडावर कुलूप. शेजारी क्रिस्पीना, कानांची दारं सताड उघडी.

"मला रणरागिणी म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या हातात," जांदिराने सुरुवात केली, "काहीतरी जड होतं."

"आमचा सोफा!" मागून एक बाई ओरडली आणि हॉल हसून फुटला. आमच्याकडे खेळ एकट्याने होत नाही, अर्धा खेळ प्रेक्षक करतात. डेपोची गोष्ट झाली, ड्रायव्हरची बायको झाली. क्रिस्पीनाची नक्कल झाली तेव्हा सगळ्यात मोठ्याने क्रिस्पीना हसली आणि मग विचारलं, "ही कोण?"

मग जांदिरा पडली. खेळातच होतं तसं. चालता चालता गुडघे सुटायचे, अंग जमिनीवर, ढोल हळूहळू बंद. पण बीराचं सारं बालपण ओरिशांच्या घरात ढोल वाजवण्यात गेलेलं. समोर अनवाणी बाई थरथरत कोसळली आणि त्याचे हात बंद पडायच्या ऐवजी सवयीने यांसां देवीच्या तालावर गेले, वादळासारखे.

"एपा हे!" देवीच्या स्वागताचा घोष करत अर्धा हॉल उभा राहिला, तळवे वर. आणि मारिनाल्वा, जी लेकीशी चार दिवस बोलली नव्हती, ती एका झेपेत रंगमंचावर. तिने वाकून जांदिराचं डोकं सावरलं, घाम पुसला, कानातलं काढायला लागली.

जांदिराने एक डोळा उघडला. "आई, कान सोड, दुखतोय. कुणी आलेलं नाही, मीच आहे. बीरा, हात आवर!"

"आपोआप गेले गं!" बीरा घामाघूम.

"मग पडलीस कशाला?" मारिनाल्वा.

"मी अशीच पडते. देव न येता. तेच तर सांगायला उभी राहिलेय."

"आलीय की नाही ते एकदा नक्की करा," मागून एक म्हातारा म्हणाला, "आमचे हात अवघडले."

"नाही आली!" जांदिरा ओरडली. "देवीला दुसरी कामं नाहीत काय? जे वाईट झालं ते तिच्या नावावर, आणि जे जड असेल ते माझ्या डोक्यावर! मी आजारी आहे. रोज गोळी घेते. बसा खाली सगळे!"

सगळे बसले. मारिनाल्वा सोडून.

"आई, तूही जा."

"तू खाली पडलेली असताना मी खाली बसत नसते. आजवर बसले नाही. बोल काय बोलायचंय."

पुढचा भाग आईचाच होता. बीरा तिकडून मान हलवत होता, गाळ, गाळ. जांदिराने डोक्याशी उभ्या असलेल्या आईकडे खालून पाहिलं. मग ती पुन्हा जमिनीवर सरळ आडवी झाली आणि छताकडे बघत बोलायला लागली.

"हे माझ्यापासून सुरू झालेलं नाही. माझा भाऊ झाला त्या पावसाळ्यात माझी आई उठली नाही. निळ्या भिंतीकडे तोंड करून पडायची. मी हाक मारायचे, ती वळायची नाही. लोक म्हणाले नजर लागली. तिला कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. उठली ती एकटीच उठली, आणि तेव्हापासून बसायला घाबरते..."

तिचा आवाज बारीक झाला. पंख्याच्या घरघरीत तो बुडायला लागला. क्रिस्पीना कान पुढे करून. मारिनाल्वाने लोकांकडे पाहिलं, एकेकाच्या तोंडाकडे, जणू कोण काय म्हणतो ते बघूच.

"आवाज चढव," ती लेकीला म्हणाली. "मागच्यांना ऐकू जात नाहीये. आणि भिंत निळी नव्हती, हिरवी होती. मी बघत होते ना."

"भिंत हिरवी होती!" जांदिरा पडल्या पडल्या इतक्या जोरात ओरडली, की बाहेर रस्त्यावर थांबलेले लोक खिडकीशी आले, आणि ती पुढे सांगत राहिली.